मंदाअक्काच्या कुंकवाच्या रिंगा

आमच्या मंदाअक्काचा धुळ्यात रबराचा कारखाना. कारखाना कसला, रबर साच्यात दाबायचे दोन प्रेस आणि एक पत्र्याचं शेड! नवरा गेल्यावर तिनेच तो चालवला. मी, हिलाल, तिच्याकडे प्रेसवर. विहिरीच्या पंपाचे वायसर करून करून आमचे हात काळे झालेले.

शहाण्णव साली पुण्याच्या एका एजंटाने अक्काला काम दिलं. परदेशी फौजेचं टँकर विमान, आभाळात उडता उडता दुसऱ्या विमानाला तेल पाजतं म्हणे. त्याच्या नळीच्या जोडात बसायच्या रबरी रिंगा. मी म्हटलं, "अक्का, थापा मारतो हा!" पण नमुने पास झाले आणि अख्ख्या गल्लीत मी मिशीला पीळ देत हिंडलो.

बठ्ठा, म्हणजे सगळा, माल दसऱ्याला तयार झाला. आमच्याकडे रीत अशी, दसऱ्याला साच्यातून निघेल त्या गरम मालाला अक्का कुंकू लावणार. वायसरांना वर्षानुवर्षं लावलं, कुणाचं काही अडलं नाही. तसं तिने या रिंगांनाही लावलं, एकेक करून, मनापासून.

दुसऱ्या दिवशी पुसायला बसलो तर कुंकवाचे कण गरम रबरात रुतलेले. अक्काने एक रिंग ताणून उजेडात धरली, तर प्रत्येक कणापाशी बारीक चीर.

"बारीक कण आहेत, कुणाला दिसतात?" मी म्हणालो. "पाठवून द्या. उशीर झाला तर काम गेलं समजा, आणि पुन्हा आहेतच आपले वायसर!"

"हिलाल भाऊ, बठ्ठा माल भंगार शे," अक्का म्हणाली. "वर तेल गळनं तं तो पायलट कोठे उतरई?"

मी डोकं धरलं. ही बाई कात्री घेऊन प्रत्येक रिंग कापत सुटली! मग एसटीडीवरून एजंटाला सगळं खरं सांगितलं, कुंकवासकट. पलीकडून तो इतका ओरडला की मला बाहेर ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी स्वारी धुळ्यात हजर. सोबत त्या विमानाची देखभाल करणाऱ्या कंपनीचा साहेब. मला वाटलं, आता त्यांनी दिलेले साचे उचलून नेणार. साहेबाने कापलेल्या रिंगांचा ढीग पाहिला.

"ट्रॅक्टरवाल्यांना विकायच्या होत्या. कापल्या कशाला?"

"फिरत फिरत त्या पुन्हा विमानात गेल्या असत्या तर?" अक्का म्हणाली. "चूक माझी. नवा माल देईन, पण घाईत देणार नाही. काम काढून घेणार असाल तर आत्ताच सांगा."

एजंट काही बोलणार, तोच साहेबाने त्याला हाताने गप्प केलं.

"अख्खा माल कापला, पण अक्कांच्या डोळ्याला पाणी नव्हतं हो," मी मध्येच बोललो. मला राहवलंच नाही.

साहेब अक्काकडे वळला. "बाई, तुमचा माल येईपर्यंत आमचं विमान जमिनीवरच थांबेल," तो म्हणाला. तेव्हा मात्र अक्का पदर तोंडाला लावून रडली.