मामीचं नाक

मामी गेली.

आज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मला कळलं. मी दुकानात इस्त्री तापवत होतो. रोज सहाला ती चहाला हाक मारते. आज हाक आली नाही, म्हणून आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या लाँड्रीत ज्यांनी कपडे टाकले, त्यांना मामी माहीत आहे. नववीत शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे आलो. धुणं, खळ, इस्त्री, सगळं तिनेच शिकवलं. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती तो नाकाला लावायची. तिच्या नाकावर दुकान चालायचं.

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार लिहायची आहे. तुमच्यातल्या काहींना ती चुकीची माहीत आहे.

एक वाजता मागच्या गल्लीतल्या अक्का आल्या, बरोबर त्यांची बहीण. अक्कांच्या मुलाची हळद त्याच संध्याकाळी होती. नवरदेवाचा पांढरा सदरा-पायजमा आणि त्याच्या वडिलांची दोन धोतरं त्यांनी सकाळीच नेली होती.

पिशवी काउंटरवर आपटली.

"मामी, हे नवरदेवाचे कपडे हायत का बोक्याचं अंथरूण?"

बोका आमचाच. नाव शेठ.

पिशवी उघडली आणि मी एक पाऊल मागे सरलो. बोका मुतल्याचा वास ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

मामीने सदरा उचलला. नेहमीसारखा नाकाला लावला. लांब श्वास घेतला.

"कुटं हाय वास? साबणाचा हाय की चांगला."

अक्कांची बहीण पदराने नाक दाबून हसली.

मला हसू आलं नाही. वास ज्या घडीतून येत होता, तीच घडी मामीच्या नाकाला टेकली होती. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

कोरोनात आमच्या दोघांचाही वास गेला होता. माझा महिन्याभरात आला. तिनेही "आला की" असं सांगितलं होतं.

म्हणजे तेव्हापासून ती कपडा नुसताच नाकाला लावत होती.

तयार गठ्ठ्यावर धूळ बसू नये म्हणून ती एक जुनी चादर टाकायची. शेठने त्या चादरीवर कधीतरी घाण केली होती. तीच चादर रात्रभर त्या कपड्यांवर होती. सकाळी मी डिलिव्हरीला बाहेर होतो, म्हणून पिशवी तिनेच भरली.

मी म्हणालो, "अक्का, चूक माझी. चादर मी टाकली. मामीने बघितलंच नाही."

मामीने माझ्याकडे बघितलं.

"तुझं नाक काय गहाण टाकलंस का रे?" अक्का म्हणाल्या. "सहाला येते. तवा वास आला, तर आमच्या गल्लीतलं एक फडकंसुदिक हितं येणार न्हाय."

आमचं अर्धं दुकान त्या गल्लीवर चालायचं.

नळाला पाणी परवा येणार होतं. घरात दोन पिंपं. एक धुण्याचं, एक प्यायचं.

खायचा सोडा टाकून चारही कपडे धुतले. धुण्याचं पिंप संपलं. वर माळवदावरच्या उन्हात पाऊण तासात वाळले. थंड कपडा हुंगला, काही नाही. इस्त्री फिरवली आणि वास पुन्हा उठला. कपडा गरम झाल्यावरच तो खरा कळतो.

मामी समोर बसली होती. सदऱ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय?"

"येतोय."

ती उठली. प्यायच्या पिंपाचं झाकण काढलं.

"मामी, प्यायला काय?"

"शेजारनं कळशी मागू. वत तू."

कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरची बाटली आणली. परत भिजवलं, परत धुतलं.

साडेपाचला पुन्हा इस्त्री. एकेक गरम कपडा तोंडावर धरला. सगळे झाले. परत पहिल्यापासून धरले.

"आता?"

"नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

तिला स्वतःला तपासता येत नव्हतं. माझ्या शब्दावर तिने पिशवीला गाठ मारली.

अक्कांनी काउंटरवरच गाठ सोडली. चारही कपडे हुंगले. मग म्हणाल्या, "जेवायला या दोघं बी."

त्या गेल्यावर मामी माझ्याजवळ आली.

"तुला कळलं न्हवं?"

"हो."

"नाक गेलेल्या बाईकडं कपडे कोण टाकंल? मी हाय तवर कुणाला बोलू नगं."

"नाही बोलणार."

"मी गेल्यावर मातुर सांग. चूक तुज्या नावावर नगं राहायला."

त्या दिवसापासून प्रत्येक कपडा आधी मी आत हुंगायचो. मग ती बाहेर, गिऱ्हाइकासमोर. परत एकही तक्रार आली नाही.

गल्लीतली पोरं मला अजून 'बोक्या' म्हणतात. म्हणू देत. मला राग नाही.

तिला तुम्ही हसू नका, एवढंच. वास येत नसताना ती रोज बारा तास उभी राहिली, आणि रोज घाबरत होती. ते मी जवळून बघितलंय.

मामी, सांगितलं सगळ्यांना. तुझं एवढंच एक ऐकायचं राहिलं होतं.

नीट जा.