तोंडात विरघळणारा लाडू

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका कुमुदताई दुपारी खुर्चीत मान मागे टेकतात. संकष्टी असल्यानं पोटात फक्त चहा. थोड्याच वेळात देणगीदार मगदूमसाहेब वाढदिवसाचे बेसनलाडू घेऊन येणार आणि पारूआजींना स्वतःच्या हातानं भरवणार. लकवा झाल्यापासून आजींना नीट गिळता येत नाही. त्यांचं सगळं मिक्सरमधून काढलेलं, दह्याएवढं दाट. पण साहेब म्हणाले, "एकच घास हो, फोटोपुरता. बेसनाचा लाडू तोंडात विरघळतो." साहेब आश्रमाला लिफ्टही बसवून देणार आहेत. ताई हो म्हणाल्या.

डोळे मिटतात आणि पायाखालची फरशी मऊ लागते. टेबलाच्या जागी तालमीचा हौदा आहे आणि लाल मातीत चौगुले वस्ताद लंगोट कसून उभे आहेत. ते साहेबांच्या गेल्या वाढदिवसाला इथंच, आश्रमात वारले. उभ्या जन्मात पाठ मातीला न लागलेला माणूस एका लाडवानं चीत झाला.

"बसा ना, वस्ताद," ताई सवयीनं म्हणतात.

"बसतो की." वस्ताद त्यांना आडवं पाडून छातीवरच बसतात. बरगडी कडकन वाजते. माती पिवळी होते, तुपाचा वास सुटतो. वस्ताद मूठभर उचलून ताईंच्या तोंडात कोंबतात.

"इरघळतंय का?"

ताई नकारार्थी मान हलवतात.

"मग खोका की! येत न्हाई न्हवं? आवाजच फुटत न्हाई. लोकांना वाटतं, म्हातारं कसं गुमान खातंय."

दुसरी मूठ. टाळूला लेप बसतो, नाकातून बेसन येतं. हौद्याभोवती पाहुणे टाळ्या वाजवतायत.

"पारूला कोण भरवणार?"

"साहे..."

"आन् पंच कोण हितं? शिट्टी कुणाकडं हाय, बाई?"

तिसरी मूठ कोपरापर्यंत आत जाते.

ताई जाग्या होतात त्या जमिनीवर. खुर्ची उलटली आहे. हॉलमधून आवाज येतो, "हसा आजी, हसा!"

त्या धावतात. लाडू आजींच्या ओठांना टेकलाय. "थांबा" म्हणायला ताई तोंड उघडतात, पण आवाज फुटत नाही. मग त्या साहेबांच्या मनगटावर सणसणीत फटका मारतात. लाडू भिंतीवर फुटतो. फोटोग्राफर कर्तव्यदक्ष, नेमका तोच क्षण टिपतो.

"अहो बाई!" साहेब मनगट चोळतात. "लिफ्ट विसरा आता!"

पारूआजी भिंतीकडे बघून हसतात. आज पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

ताई पाठ फिरवून बोटानं टाळू खरवडतात. नखाखाली ओलं, पिवळं बेसन येतं; त्यात वेलदोड्याचं साल.

चंद्रोदयाला अजून बराच अवकाश आहे.