बिराबापूंची दीपमाळ

पुराणवस्तू खात्याच्या साहेबाने बिराबापूंना फसवले. दुरुस्तीला म्हणून दिवा नेला आणि परत आणला नाही. गोष्ट एवढीच आहे. पण बापू कोण होते हे वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

माझा सांगलीत तांब्या-पितळेच्या मोडीचा धंदा. हमालीपासून सुरुवात करून तो मी उभा केला. लढाई संपली त्या सुमारास कोकणातले एक जुने दीपगृह सरकारने बंद केले आणि त्यातला दिवा मी लिलावात घेतला. माणदेशातले दोन गडी आणि घण घेऊन फोडायला गेलो, तर दारात एक उंच म्हातारा उभा. अंगात पलटणीतला कोट, खाली धोतर, पाय अनवाणी. "पायताणं हितंच काढा," म्हणाला.

हेच बिराबापू. म्हसवडकडचे धनगर. पलटणीतून सुटल्यावर त्यांना इथली राखणदारी मिळाली. उंच दगडी खांब आणि वर दिवा, म्हणजे गावच्या देवळापुढे असते तशी दीपमाळच, असे त्यांनी धरले. पायताण घालून ते कधी वर चढले नाहीत.

मी आवाज चढवला. ही सरकारी चीज, जहाजांसाठी बांधलेली, देवाचा इथे काय संबंध? बापू शांतपणे म्हणाले, "आवं शेट, दर्यातल्या मानसाला वाट दावती. द्येवाचं काम आनि येगळं काय आसतं?"

"मी विकत घेतलंय ते."

"मग न्या की. म्या कुटं आडवतोय? पर दीपमाळ मोडून तपेली केल्याली कवा ऐकली न्हाई, येवडंच."

मागे वळून पाहतो, तर माझ्या दोन्ही गड्यांनी घण खाली ठेवलेले आणि पायताणे काढलेली. थोरला म्हणाला, "मालक, दीपमाळ हाय म्हनं. आमचा हात न्हाई लागायचा." मी त्या दोघांना, बापूंना, साऱ्या माणदेशाला शिव्या घातल्या. बापूंनी त्या ऐकून घेतल्या आणि बाजरीची भाकरी पुढे ठेवली. शिव्या दिल्यावर भूक लय लागती, म्हणाले.

जेवून वर गेलो. अनवाणी. भिंगे एकावर एक रचलेली, पितळ राखेने घासून लखलखीत. जन्मभर मी पितळ वजनात पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नुसते पाहिले. ते पाहणे मला बापूंनी दिले, आणि त्याची परतफेड कशी करायची हे माझ्यासारख्या व्यापाऱ्याला अजून कळलेले नाही. दिवा तिथेच ठेवून आलो. पुढे अधूनमधून जायचो. बापू विचारायचे, "काय शेट, मोडाय आला का बगाय?"

मग मी सांगलीत असताना तो साहेब आला. जुन्या वस्तू जपायच्या आहेत, दिवा दुरुस्त करून परत बसवू, म्हणाला. बापूंनी स्वतःच्या हाताने भिंगे घोंगड्यात गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवली. पुढे दुखणे घेऊन ते म्हसवडला परतले, तेव्हा मी भेटायला गेलो.

"शेट, दिवा बसला का?"

"नाही बापू. पण मी बसवून घेतो."

"तुमी म्हनला म्हंजी बसलाच," म्हणाले आणि कुशीवर वळले. त्याच आठवड्यात गेले.

बाजारात लोक माझ्या तोंडी शब्दावर माल सोडतात. तो शब्द मी बापूंना दिला होता. खात्यात विचारले, तर साहेबाची बदली झाली, दिव्याचे आम्हांला ठाऊक नाही, म्हणतात. बदली झाली म्हणजे माणूस मेला नव्हे. असेल तिथून त्याने म्हसवडला यावे, बापूंच्या कारभारणीपुढे बसावे आणि सांगावे, दिवा कुठे आहे?