खालच्या खणातले अर्ज

"तुमच्यात सत्यनारायण चालत नाही ना, म्हणून तुला खिडकीवर बसवलं," साहेब म्हणाले आणि प्रसादाचा शिरा माझ्या टेबलावर ठेवला. आत सगळ्यांना द्रोणात. मला जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या कागदावर. तूप झिरपून टेबलाला लागलं. मी म्हणाले, "थँक्यू सर." आणि खाल्ला. सगळा. मग टेबल पुसलं.

रोह्यातलं सरकारी ऑफिस. मी तिथली आवक क्लार्क. खिडकीतून अर्ज घ्यायचा, रजिस्टरला नंबर टाकायचा, शिक्का मारून पोच द्यायची. रोज पेणहून गाडीने यायचे. सहा वर्षं असंच गिळत राहिले. नवीन कुणी बदलून आलं की साहेब माझ्यादेखत सांगायचे, "ही कोट्यातली आहे, सांभाळून घ्या." शेवटी धाटावच्या एका कंपनीत ऑफिसचं काम मिळत होतं, म्हणून राजीनामा दिला.

आईने जोह्याला गणपतीच्या कारखान्यात माती मळून मला शिकवलं. ती दोन दिवस जेवली नाही. "कंपनी आज हाय, उद्या नाय. सरकारी नोकरी सोडू नको गो." मी म्हणाले, मला स्वाभिमान आहे. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

त्या स्वाभिमानात किती दम होता, ते नोटिशीच्या महिन्यात कळलं.

साहेबांची एक पद्धत होती. कातकरी वाडीवरच्या अर्जाला नंबर द्यायचा नाही. नंबर पडला की मुदतीत उत्तर द्यावं लागतं. म्हणून अर्ज घ्यायचा, "बघतो" म्हणायचं आणि खालच्या खणात टाकायचा. टाकणारी मी. साहेबांनी एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायची वेळ मी येऊ दिली नाही.

वाडीवरची एक बाई मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी यायची. दाखला मिळाला तर मुलीला होस्टेल मिळणार होतं. तीनदा आली, तिन्ही वेळा मी "बघते" म्हणाले. चौथ्यांदा आली तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. नेमके साहेब शेजारी उभे. ती हळूच म्हणाली, "बाय, कागद तुझ्याच हातात दिला ना मी?"

"पोच आहे?" साहेबांनी विचारलं. नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "माझ्याकडे अर्ज आलेला नाही."

अर्ज माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या खणात होता.

ती म्हणाली, "व्हय, माझाच घोटाळा झाला असंल."

तिने चूक स्वतःवर घेतली. माझी. त्या दिवशी गाडीत मला आईचा चेहरा आठवेना, त्या बाईचाच दिसत राहिला. सहा वर्षं मी साहेबांना शिव्या घालत होते. तिच्यासाठी साहेब मीच होते. आणि मी कंपनीत निघाले होते ते मानासाठी नाही. तिथे कुणी खिडकीशी येऊन विचारणार नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी खण उपसला. सतरा अर्ज निघाले. सगळ्यांना नंबर टाकले. शेवटी माझा स्वतःचा अर्ज: हे कागद मी घेतले आणि नोंदले नाहीत, त्या बाईबद्दल मी खोटं बोलले, राजीनामा मागे घेत आहे. सही केली, एक प्रत जिल्ह्याला पाठवली.

साहेब म्हणाले, "जातेच आहेस तर गुपचूप जा. यात तुझीच नोकरी जाईल."

"जाऊ दे सर. नंबर पडलेत."

पोच द्यायला वाडीवर गेले. बाईने कागद उलटसुलट बघितला. "आता काय करू याचं? पोरगी गेली मावशीबरोबर कामाला." मी माफी मागायला गेले होते. मागता आली नाही. माझ्या माफीने तिच्या मुलीचं काय होणार होतं?

आता चौकशी चालू आहे. ऑफिसातले म्हणतात, सोडायचीच होती ना, मग चिकटून का बसलीस? मी उठले तर इथे दुसरं कुणीतरी बसेल आणि त्यालाही एकदाच सांगावं लागेल. म्हणून बसले आहे. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. कारण लिहून, नंबर टाकून. मी आपणहून उठणार नाही.