तार काढून विझवलेला दिवा

दर्यापुरात गाडी रुसली की माणूस सरळ अकोला रस्त्यावरच्या गुलाम नबींच्या गॅरेजात यायचा. पस्तीस वर्षं हेच चाललं. बोनेटवर हात ठेवून, मान वाकडी करून ते ऐकत आणि सांगत, "पंप गेला." पंपच गेलेला असे. जीपवाले तर त्यांना विचारल्याशिवाय गाडी विकतही नसत.

मग त्यांच्या धाकट्या लेकीनं, जेबानं, डिप्लोमा केला आणि गाडी तपासायचं मशीन आणलं. डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की ती स्टेअरिंगखाली वायर खोचते, पडद्यावर नंबर येतो आणि बिघाड कुठं शोधायचा ते दोन मिनिटांत कळतं. आता लोक दारातूनच विचारतात, "जेबा हाय काय?" अरे, बाप समोर उभा आहे नं! "नशीबवान आहात, नबीभाई," असं कोणी म्हटलं की ते वरवर हसत. पोटच्या पोरीवर जळत होते ते, दुसरं काय! नमाजाला बसलं तरी डोळ्यांपुढं ते मशीनच. याची त्यांना लाज वाटे, आणि लाज वाटली की आणखीच राग येई.

त्या दिवशी जेबा बाजारात सामान आणायला गेली होती. किसनराव बायकोला, रुख्मिणीबाईंना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला नेत होते. पिवळा दिवा लागला म्हणून थांबले.

"जेबा नाई काय?"

"मी हावो नं!"

गुलाम नबींनी कान लावला. काहीच सापडेना. पण 'जेबा येईपर्यंत थांबा' म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी बॅटरीची तार काढली, पाच मिनिटांनी परत लावली. दिवा गुल.

"जा बिनधास्त!"

"तुमचा कान तो तुमचाच कान, नबीभाई," किसनराव म्हणाले. कित्येक महिन्यांनी गुलाम नबींची छाती फुगली.

जेबा आल्या आल्या त्यांनी तोऱ्यात सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अब्बा, दिवा विझला, बिघाड थोडीच गेला! अन् मशीन वाचते ते गाडीतली बिघाडाची नोंदबी पुसली तुमी."

तेवढ्यात गुलाम नबींचा फोन वाजला. किसनराव अकोल्याच्या वाटेवर म्हैसांगजवळ होते. गाडी गचके खात होती आणि दिवा आता उघडझाप करत होता. उघडझापीचा अर्थ काय, हे गुलाम नबींना ठाऊक नव्हतं. जेबानं फोन घेतला.

"काका, गाडी साइडले घ्या, इंजिन बंद करा. दिवा असा उघडझाप करून राह्यला की पुढं चालवाचीच नाई, इंजिनाचं मोठं नुकसान होते. काकूले घ्या अन् मागून येणाऱ्या कोणत्याबी जीपमधी बसा, ऑपरेशन चुकवू नका. मी मशीन घेऊन येतो." मग बापाकडं न पाहता म्हणाली, "अन् काका, अब्बालेच शक आला होता. तुमाले परत बोलवा म्हणून राह्यले होते."

गुलाम नबींच्या अंगाचा भडका उडाला. मशीन हिचं, गिऱ्हाईक हिचं, आता मोठेपणाही हिचाच! यापेक्षा रस्त्यावर उभी राहून शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी फोन हिसकावला.

"खोटं बोलून राह्यली ते. मले बिघाड समजलाच नोता. तार काढून दिवा विझवला मी."



"बरं झालं सांगितलं, नबीभाई," किसनराव म्हणाले. "पण आता फोन जेबाजवळ द्या."

गुलाम नबींनी फोन तिच्या हातात दिला.