संमतीचे टिंब

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना सगळे जण अर्धासूत म्हणतात. पंपाच्या कारखान्यात ते लेथवर लोखंड कातत, तेव्हा कोणी कोणताही भाग त्यांच्यापुढे धरला की तो हातात फिरवून, एक डोळा मिटून ते म्हणत, "अर्धा सूत जास्त आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लेथच्या कामात अर्धा सूत म्हणजे डोंगर. तिथे केसाच्या जाडीवरून भांडणे होतात. शेरा उघडउघड थट्टेचा होता, पण तो मारताना चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. नवा माणूस बिचारा भाग उचलून मुकाट्याने परत जाई. चेहरा न हलवता खोटे बोलण्याची ही कला मी तीस वर्षे जवळून पाहिली आणि तीस वर्षे तिला विनोद समजलो.

नाते आदराचे आहे, त्यामुळे मी त्यांचा उल्लेख अहोजाहोनेच करणार आहे. त्यांनी मला फसवले म्हणून मी माझी शिस्त का सोडावी?

मी तंत्रशाळेत यंत्रचित्रण शिकवतो. यंत्राच्या भागांची मापे घेऊन ती कागदावर अचूक उतरवणे हा माझा विषय. कागदावर माझी रेषा चुकत नाही. हातोडी धरली तर मात्र खिळा वाकतो आणि अंगठा सुजतो. भावजींचे नेमके उलटे. सातवीत शाळा सुटली, पण लोखंड त्यांचे ऐकते. बोटे जाड, नखांच्या कडा कायमच्या काळ्या, कानावर पेन्सिल, आणि हात धुण्यासाठी साबणात कालवलेला लाकडाचा भुसा. मी काढावे आणि त्यांनी घडवावे, अशी आमची जोडी सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होती.

ही जोडी जमली ती बाबांच्या मोटारसायकलीमुळे. बाबा विजेच्या तारांची तपासणी करीत खेडोपाडी फिरत, ते त्या गाडीवरून. ते गेल्यावर गाडी मागच्या खोलीत गोणपाटाखाली अठरा वर्षे पडून राहिली. टायर विरले, टाकीला भोके पडली, उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. आई म्हणायची, "विकू नका. पण मला दिसायलाही नको."

त्या गाडीत माझे काय गुंतले होते, हे इथे सांगायलाच हवे. मी पाच वर्षांचा असताना बाबांनी इंजिनावर कागद ठेवला आणि त्यावरून मला पेन्सिल घासायला लावली. कागदावर हळूहळू इंजिनचा क्रमांक उमटला. सहा आकडे. मी आकडे गिरवायला शिकलो ते त्या कागदावरून, पाटीवरून नव्हे. पाचवा आकडा सात होता, आणि ठोकणाऱ्याचा हात हलल्यामुळे तो डावीकडे कलला होता. पहिलीत माझा सातही तसाच कललेला असे, त्यावरून बाईंचा मारही खाल्ला. पुढे रेषांवर पोट भरायचे माझ्या नशिबी आले, त्याची सुरुवात तिथली. मला बाबांची गाडी नुसती चालती करायची नव्हती. तो क्रमांक असलेले इंजिन पुन्हा धडधडताना ऐकायचे होते.

काम भावजींच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुरू झाले. दर रविवारी सकाळी मी तिथे हजर. आम्ही भंगाराच्या वखारी पालथ्या घातल्या. मडगार्ड एका दूधवाल्याच्या मोडक्या गाडीचे, टाकी बुडलेल्या वर्कशॉपच्या लिलावातली, चाकांच्या तारा तीन ठिकाणच्या. मी प्रत्येक भागाचे चित्र काढले, भागांना क्रमांक दिले आणि भिंतीवर खडूने, सुवाच्य अक्षरात एक नियम लिहिला: "मूळ भाग टाकण्यापूर्वी दोघांचीही खूण." भागावर पंच, म्हणजे टिंब उठवणारा टोकदार पोलादी दांडा, ठेवून हातोडीचा एक ठोका म्हणजे माझी संमती; दोन ठोके म्हणजे त्यांची. तीन टिंबे नसलेला एकही मूळ भाग खोलीबाहेर जायचा नाही.

"मास्तर, घटनाच लिहिलीत की," भावजी म्हणाले.

"शब्दाला पुरावा राहावा म्हणून."

"आपल्यात शब्द कशाला? पण राहू दे. अक्षर छान आहे."

वाद होत, पण ते गोड वाद. पुढच्या चाकाला त्यांनी नव्या गाडीचा ब्रेक बसवायचे ठरवले, तेव्हा मी हटून बसलो.

"बाबांच्या गाडीला हा ब्रेक नव्हता."

"म्हणूनच त्यांच्या पायात सळई होती, मास्तर."

ताई दारात उभी राहून हसली. मी ब्रेकला संमती दिली. विजेची सहा व्होल्टची जोडणी बदलून बारा व्होल्टची केली, तिलाही दिली. इंजिनाला मात्र हात लावायचा नाही, ते जसे होते तसेच उभे करायचे, हे मी बजावून ठेवले होते.

दुसऱ्या वर्षी पंपाचा कारखाना बंद पडला. भावजी घरी बसले. चेहऱ्यावरून काही कळले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. रविवारी मी गेलो की खोली झाडलेली आणि हत्यारे ओळीने मांडलेली दिसत. मी मनात म्हणायचो, बरे झाले, आता यांना गाडीसाठी वेळ मिळेल.

अशाच एका दुपारी त्यांनी इंजिनची केस, म्हणजे ज्यात इंजिनचा सगळा कारभार बंद असतो ते ओतीव कवच, रॉकेलने धुऊन खिडकीखाली वर्तमानपत्रावर ठेवली होती. क्रमांक वरच्या बाजूला. त्याच्या खाली दोन बोटे अंतरावर एक बारीक काळी रेघ तिरपी उतरत गेली होती.

"मास्तर, इथे जरा बोट फिरवा."

मी बोट फिरवले. "हा तडा आहे का?"

"मी काय सांगणार? शिकलेले तुम्ही."

"तडाच आहे हा. वेल्डिंग नाही होणार?"

त्यांनी मान हलवली. "क्रमांकाच्या इतकं जवळ? आकडे वितळून जातील. वखारीत अशीच दुसरी केस आलेली आहे, पण तो केसवर केस मागतो. ही दिल्याशिवाय ती देणार नाही."

 मी खिशातला कागद क्रमांकावर ठेवला आणि पाच वर्षांच्या मुलासारखी पेन्सिल घासली. कललेला सात उमटला. कागद घडी न घालता वहीत ठेवला, पंच उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा हातोडी सरळ मारली. एक टिंब. भावजींनी शेजारी दोन मारली. 

पुढच्या महिन्यात त्यांच्या खोलीत एक जुना लेथ आला. दातांच्या एका डॉक्टरांच्या वडिलांचे वर्कशॉप होते, तिथे हा ताडपत्रीखाली पडून होता. जागा अडते म्हणून डॉक्टरांनी देऊन टाकला, असे त्यांनी सांगितले. तो लोखंडी पाइपांवरून सरकवत आत आणताना मीही खांदा लावला. पुढे त्यांच्याकडे कामे येऊ लागली. कोणाचा शाफ्ट, कोणाचा बुश. ताईच्या आवाजात पुन्हा जोर आला. गाडीचे उरलेले सगळे भागही त्याच लेथवर झाले, माझ्या चित्रांबरहुकूम. सहाव्या वर्षी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. वखारीतल्या केसमध्ये बसवलेले इंजिन घड्याळासारखे चालत होते. आई खुर्ची घेऊन अंगणात बसली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातात ही इतकी शहाण्यासारखी कधी वागली नाही."

आता फक्त बदललेल्या इंजिनची सरकारी नोंद करायची राहिली होती. नोंदीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्या अर्जाचे कागद पिशवीत घेऊनच मी एका रविवारी जुन्या गाड्यांचे प्रदर्शन पाहायला गेलो. महाविद्यालयाच्या आवारात दोऱ्या बांधून गाड्या मांडल्या होत्या. एका दोरीपुढे माझे पाय थांबले. आमच्याच जातीची गाडी, आरशासारखी चकचकीत. शेजारच्या पाटीवर लिहिले होते: "इंजिन मूळ, त्याच काळातले." मी सवयीने वाकलो. सहा आकडे. पाचवा सात, डावीकडे कललेला. त्याच्या खाली शेजारी शेजारी तीन टिंबे. एक माझे.

वहीतला कागद काढायची गरज नव्हती, तरी मी तो काढला आणि ताडून पाहिला.

"आवडली?" गाडीचे मालक मागून म्हणाले. मऊ आवाजाचे, मऊ हातांचे गृहस्थ. पाटीवर त्यांच्या नावाखाली लिहिले होते: दातांचे डॉक्टर.

"हे इंजिन तुम्हाला कुठे मिळालं?"

"एका कारागिराकडून. माझ्या वडिलांचा लेथ त्याला हवा होता, मला इंजिनची केस हवी होती. मालकाने रीतसर टाकलेली आहे, हं. ही पाहा ना, त्याची खूण." त्यांनी माझ्या टिंबावर नखाने टकटक केले.

"पण याला तडा होता."

"तडा?" डॉक्टरांनी त्या रेघेवरून बोट फिरवले आणि मला समजावून सांगितले, "छे हो. ओतताना साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथली ही रेघ. काजळी पुसली की झालं."

तडा बोटाला आत लागतो, साच्याच्या जोडाची रेघ वर लागते. हे मी दर वर्षी पहिल्या सत्रात, दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर काढून शिकवतो. बावीस वर्षे शिकवत आलो आहे. त्या दुपारी रेघ माझ्या बोटाला वर लागली होती, आणि मी तिला तडा म्हणालो, कारण रेघ मला भावजी दाखवत होते.

तिथून मी सरळ पत्र्याच्या खोलीत गेलो. लेथ चालू होता. मी बटण बंद केले.

"इंजिन पाहून आलो," मी म्हणालो.

भावजींनी भुशाच्या डब्यात हात घातले. "कसं चाललंय?"

"तुम्ही मला तडा म्हणून सांगितलंत."

"तडा हा शब्द तुमचा, मास्तर. मी म्हटलं, बोट फिरवा."

"काजळी कोणी भरली?"

"ती मी," त्यांनी हात चोळत चोळत सांगितले. जणू तेलाची बाटली कोणी ठेवली, एवढेच मी विचारले होते.

"मागायचं होतंत मला."

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

मी खोटे बोलत नाही. "नाही."

"मग?"

मी ताईकडे वळलो. ती दारात होती, आणि तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हते. म्हणजे तिलाही ठाऊक होते. चार वर्षे तिने मला दर रविवारी चहा दिला होता आणि चार वर्षे तिला ठाऊक होते.

"तूही, ताई?"

"आरडाओरडा करू नकोस. कारखाना बंद पडला त्या वर्षी तू इथे दर रविवारी यायचास. गाडीचं सगळं विचारायचास, अगदी स्क्रूसुद्धा. हे दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, ते एकदा तरी विचारलंस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. पण उत्तर नसणे आणि अन्याय न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवायला हवे. म्हणून लिहितो आहे.

"लेथ घेऊन जा हवा तर," भावजी म्हणाले. त्यांना चांगले माहीत होते की मला तो चालवता येत नाही.

अर्ज माझ्या पिशवीतच होता. त्यात एक रकाना होता: "मूळ इंजिन बदलण्याचे कारण." खरे लिहायचे, तर भावजींवर फसवणुकीची तक्रार होणार, लेथ जप्त होणार आणि ताई पुन्हा भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाशेजारी बसणार. काहीच लिहायचे नाही, तर बाबांची गाडी कायमची अंगणात. आई रोज विचारत होती, कधी निघणार म्हणून. आठ दिवस मी अर्ज समोर ठेवून बसलो. मग लिहिले: "केसला तडा गेल्यामुळे."

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने चष्मा वर केला. "तडा कुठे होता? मागे आकृती काढून द्यावी लागेल."

मी काढली. त्याच्याच टेबलावर, त्याचीच पट्टी घेऊन. कवचाची बाह्यरेषा, क्रमांकाची जागा, आणि तिथून तिरपा उतरणारा, कधीही नसलेला तडा, मापांसह. सहा आकडेही भरले. सात मी सरळ काढला. कारकून म्हणाला, "वा, छापल्यासारखी आहे." खरोखर, इतकी निर्दोष आकृती माझ्या हातून क्वचितच झाली असेल.

शिक्का बसलेली प्रत द्यायला मी भावजींकडे गेलो, कारण काम आम्ही दोघांनी मिळून सुरू केले होते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "तडा अर्धा सूत जास्त झालाय, मास्तर."

ताईला हसू आले. मला आले नाही. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, पिशवीत ठेवला, आणि भिंतीवरचा माझा नियम ओल्या फडक्याने पुसूनच तिथून निघालो.