पाववाल्याच्या गाडीची चाकं

सोफे-खुर्च्यांची कापडं आणि स्प्रिंगा बदलून देणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली गादीवाली म्हणूनच ओळखायची. धंदा मूळचा सासऱ्यांचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी उशी शिवता येत नव्हती. मामंजींनी तिच्या हातात सुई दिली आणि कितीही चुकलं तरी कधी आवाज चढवला नाही. पुढे लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि दुकान तिच्या अंगावर आलं. दुकानाबरोबर ट्रेलरही आला.

तो मामंजींनीच घरी बनवलेला. लोखंडी पलंगाचा सांगाडा, जुन्या दारांच्या फळ्या आणि खाली कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा अ‍ॅक्सल. दिसायला अगदीच ध्यान, पण तिच्या छोट्या गाडीमागे भलामोठा सोफा घेऊन निमूट चालायचा. गिऱ्हाइकाच्या घरून सामान आणायचं, नीट करून पोचवायचं, सगळी भिस्त त्याच्यावर.

एका सकाळी उतारावर त्याचा टायर फुटला. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. सोफा दोरांनी आवळलेला होता म्हणून वाचला, पण चाकाची रिम दगडावर आपटून वाकडी झाली होती. दुसऱ्या चाकाकडे बघितलं, तर तिथल्या रबरालाही भेगा पडलेल्या. तेही आज ना उद्या दगा देणारच होतं.

टायरवाल्याने रिम उलटसुलट करून पाहिली. असल्या तीन नटांच्या रिमा आता कोणी बनवत नाही, वणवण करण्यापेक्षा नवा ट्रेलर घ्या, असं त्याने सांगितलं. भंगारवाल्याकडे तिने रिमांचे ढीग उपसले. हात कोपरापर्यंत काळे झाले, पण एकाही रिमेची भोकं जुळेनात. वेल्डर म्हणाला, अ‍ॅक्सलच बदलावा लागेल आणि तो या जुन्या सांगाड्याला झेपायचा नाही. नवऱ्याने सुचवलं की ने-आण टेम्पोवाल्याकडे सोपवू. त्याचं चुकत नव्हतं, पण तिचा जीव होईना. मामंजींना काय सांगायचं?

शेवटी संध्याकाळी चहा पाजताना तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोनदा ओठ जुळवून पाहिले. मग म्हणाले, "पाव."

तिने बशीत पाव आणून ठेवला. त्यांनी बशी बाजूला सारली आणि डाव्या हाताने हवेत स्टिअरिंग फिरवलं.

"पाववाल्याची गाडी? अ‍ॅक्सल तिचा आहे?"

त्यांनी जोरजोरात मान डोलावली आणि दोन बोटं वर केली. गाड्या दोन होत्या.

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. म्हातारा पाववाला कधीच वारला होता, आता भट्टी त्याची मुलगी सांभाळत होती. एक गाडी मोडीत गेली हे खरं होतं. पण तिची जोडीची मागच्या अंगणात उभी होती, रिकाम्या डब्यांनी गच्च भरलेली. टायर पार कुजले होते, रिमा मात्र शाबूत. प्रत्येकीला तीन नट. गादीवालीने चाचरत विषय काढला, चाकांचं काय द्यायचं ते विचारलं.

पाववालीने उलट विचारलं, "तुम्ही त्यांच्या सूनबाई ना? माझी आई शेवटी सदा खुर्चीतच बसून असायची. बसून बसून तिला जखमा होऊ नयेत म्हणून तुमचे सासरे येऊन खुर्चीची गादी उसवायचे आणि नव्याने भरून द्यायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. चाकं घेऊन जा, बाई. या गाडीला आता कुठे जायचंय?"

गादीवालीला हे ठाऊकच नव्हतं. मामंजी कधी बोललेच नव्हते. ती नुसती त्या बाईचा पिठाने माखलेला हात धरून उभी राहिली.

नट गंजून घट्ट बसले होते. भट्टीवरची दोन माणसं कणीक तशीच टाकून आली, तेल सोडून, पान्यावर पाय देऊन त्यांनी ते सोडवले आणि गाडी विटांवर टेकवली. रिमा बघितल्यावर टायरवाल्यालाही हुरूप आला. चार ठिकाणी फोन करून त्याने त्यांच्यावर बसणारे, ओझं पेलणारे टायर मिळवले. ते जरा रुंद निघाले, तर मडगार्डची कड त्यानेच कापून दिली. बेअरिंगना ग्रीस भरलं ते न सांगता.

सुट्टीच्या दिवशी ती मामंजींना गाडीत बसवून, मागे ट्रेलर लावून बेकरीत घेऊन गेली. पाववालीने त्यांच्यासाठी आतून आईची खुर्ची आणली. बसता बसता त्यांनी डाव्या हाताने बैठक चाचपली. कापूस पार दबून गेला होता. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"कळलं, मामंजी," ती हसत म्हणाली. "तुमचा चहा होऊ दे, मग खुर्ची चढवते ट्रेलरवर."

पाववाली नको नको म्हणत राहिली. तिचं कोणी ऐकलं नाही.